प्रतिसाद अत्यल्प

आमच्या बँकेत एखादी गोष्ट बंद करायची असली की आधी एक कागद निघतो. तो तीन प्रतींत निघतो, त्याच्यावर जावक क्रमांक पडतो, आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदात कुठे तरी ‘प्रतिसाद अत्यल्प’ हे दोन शब्द असतात. माणूस गेला की डॉक्टर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहितो ना, तसलेच हे. खोटे काहीच नाही. हृदयक्रिया शेवटी सगळ्यांचीच बंद पडते. पण ती का पडली हे विचारायला जावे, तर डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेलेला असतो.

एकदा शेजारच्या एका गावात आमच्या बँकेने विस्तार-कक्ष उघडला. (बँकेचे नाव सांगत नाही. पगार तिथूनच येतो.) ग्रामपंचायतीने खोली दिली, सरपंचांनी नारळ फोडला, साहेबांनी भाषण केले की आता बँक तुमच्या दारात आली आहे. आली होती हे खरे. पण फक्त मंगळवारी. त्यातही अकरा ते एक. त्या गावाचा बाजार शनिवारी. मंगळवारी अकरा वाजता खेड्यातला माणूस कुठे असतो हे सांगायला कृषितज्ज्ञ लागत नाही. ज्या चार म्हाताऱ्या यायच्या त्या पंख्याखाली बसायला यायच्या, आणि नेमकी त्या वेळात लाईट नसायची. वर्षभराने कागद निघाला. प्रतिसाद अत्यल्प. कक्ष बंद. तो कागद माझ्या टेबलावरून फायलीत गेला तेव्हापासून या दोन शब्दांशी माझे वैर आहे. आणि हेच दोन शब्द मुंबईच्या मोनोरेलच्या डोक्यावर मारलेले दिसले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुम्ही म्हणाल, भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या माणसाला मुंबईच्या मोनोरेलचे काय पडले आहे? आमचे गाव देवीचे आणि मिरचीचे. रुळाशी आमचा संबंध जालन्याला गेल्यावर येतो. पण माझा एक मावसभाऊ चेंबूरला म्हैसूर कॉलनीत राहतो. त्याच्याकडे जायला निघालो की मी पारावर ‘म्हैसूर कॉलनीला चाललो’ असे सांगतो. त्यातले ‘कॉलनी’ बसच्या हॉर्नमध्ये विरून जाते, आणि परत आल्यावर लोक माझ्याकडे चंदनाचा साबण मागतात.

या म्हैसूर कॉलनीला मोनोरेलचे स्टेशन आहे. मोनोचे स्टेशन जमिनीवर नसते. एका खांबावर एक तुळई, तिच्यावर खोगीर टाकल्यासारखी बसलेली गाडी, आणि तिच्या पोटाच्या उंचीला फलाट. खाली रस्ता आपला वाहत असतो. वहिनी म्हणतात, “भाऊजी, स्टेशनाचा एक उपयोग मात्र फार झाला. पत्ता सांगायला. रिक्षावाल्याला ‘मोनो’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही.” हजारो कोटींचा खर्च करून एका वस्तीला पत्ता मिळाला, ही काही लहान गोष्ट नाही. आमच्या गल्लीचा पत्ता अजून ‘वाळलेल्या लिंबाजवळ’ असा आहे.

आता हिशेबाकडे येऊ. मी बी.कॉम. आहे, सेकंड क्लास का होईना.

२ फेब्रुवारी २०१४ रोजी वडाळा ते चेंबूर हा ८.८ किलोमीटरचा पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला. सात स्टेशने, भाडे पाच रुपयांपासून अकरा रुपयांपर्यंत. लोकांनी रांगा लावल्या, पोरांना खिडकीशी उभे केले, फोटो काढले. अत्यल्प प्रतिसादाचे हे दृश्य ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात. आणि गाडीची वेळ काय ठेवली होती? सकाळी सात ते दुपारी तीन!

वाचकहो, जरा थांबा. घाईने पुढे जाऊ नका. सात ते तीन. मुंबईत दुपारी तीनला कामावरून घरी कोण परततो? सकाळच्या शाळेचा मास्तर परततो, पहिल्या पाळीचा कामगार निघायच्या बेतात असतो, आणि ज्याला साहेबाने त्याच दिवशी काढून टाकले आहे तो परततो. बाकीच्या नोकरदारांनी काय करायचे? लग्नाचे वऱ्हाड न्यायला बस करतात आणि जेवणे झाल्यावर ‘आता ज्याचं त्यानं बघा’ म्हणतात, तशातला प्रकार. जाताना डोक्यावरून, येताना बसला लोंबकळत. एकदा येताना लोंबकळायचेच आहे म्हटल्यावर माणूस जातानाही लोंबकळतो. निदान पास तरी वसूल होतो. पुढे वेळ वाढवली, हे मान्य. पण आमच्या खिडकीवरचा अनुभव असा की, गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी ‘लंचनंतर या’ म्हटले की ते लंचनंतर शेजारच्या पतपेढीत गेलेले असते.

पुढचा टप्पा होणार होताच. तो होता होता ९ नोव्हेंबर २०१७ उजाडला. त्या दिवशी भल्या पहाटे याच म्हैसूर कॉलनी स्टेशनात गाडीला आग लागून दोन डबे जळाले. गाडीत प्रवासी नव्हते, देवाची कृपा. गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या १ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे जवळजवळ दहा महिने स्टेशन होते, जिना होता, पाटी होती, आणि गाडी नव्हती. दहा महिन्यांत मूल जन्माला येते आणि पालथे पडायच्या तयारीला लागते. चेंबूरचा माणूस काय जिन्यावर बसून राहणार होता? त्याने बसचा पास काढला, शेअर रिक्षावाल्याच्या घरच्या बारशाला जाण्याइतकी ओळख वाढवली. आणि पुन्हा गाडी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बाकडी मोजायला माणसे हजर! बघा, रिकामी!

मलेशियाच्या ज्या कंपनीच्या गाड्या होत्या तिच्याकडून एमएमआरडीएने डिसेंबर २०१८ मध्ये कारभार काढून घेतला. सुट्या भागांची मारामार, चालू गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ३ मार्च २०१९ ला मार्ग एकदाचा संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोचला: साडेएकोणीस किलोमीटर आणि सतरा स्टेशने. पण या सतरा स्टेशनांत मिळून गाडी किती वेळाने? कधी पंधरा, कधी अठरा, कधी पंचवीस मिनिटांनी. पिंपळगावचा माणूस पंचवीस मिनिटे आनंदाने थांबेल. तेवढ्यात तंबाखू मळून होते, एखादी सोयरीक जुळते, एखादी मोडते. मुंबईचा माणूस लोकल तीन मिनिटे उशिरा आली की फलाटावर वाकून रुळाकडे असा पाहतो, जणू गाडी तिथे कुणी पुरून ठेवली आहे. त्याला पंचवीस मिनिटे म्हणजे एका नोकरीतला लेटमार्क आणि दुसऱ्या नोकरीचा अर्ज.

माझे बंधुराज या बाबतीत विरोधी पक्षात आहेत. मोनो म्हटले की ते पेपर खाली ठेवतात.

“पांढरा हत्ती आहे तो, पांढरा हत्ती!”

“दादा, हत्ती पांढरा आहे हे खरं. पण त्याला दिवसातून किती वेळा चारा घातला?”

“तू बँकेतला माणूस ना रे? तोटा तुला दिसत नाही?”

“दिसतो ना. पण मी खातं बुडीत लिहायच्या आधी कर्ज पूर्ण दिलं होतं का ते बघतो. विहिरीला मंजूर झालेल्या पैशातला निम्माच हप्ता दिला आणि मग ‘विहिरीला पाणी नाही’ म्हणून जप्ती आणली, तर शेतकरी बँकेवर दगड घेऊन येईल.”

“भाऊजी,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “ह्यांना विचारा, हे किती वेळा बसले मोनोत?”

बंधुराजांनी पेपर उचलला. बऱ्याच वेळाने पेपराच्या मागून आवाज आला, “एकदा. सुरू झाली तेव्हा.”

ज्यांनी मार्ग आखला त्यांचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. खताचा कारखाना, पेट्रोलची टाकी आणि आगार यांना वळसे घालत जाणारा हा मार्ग कुणी कशासाठी आखला हे तो आखणाराच जाणे. ‘दादर पूर्व’ नावाचे स्टेशन दादरच्या रेल्वे स्टेशनापासून इतके दूर आहे की तिथे उतरून लोकल गाठायला निघालेल्या माणसाला वाटेत चहा घ्यावासा वाटावा. आणि एक स्टेशन आहे आचार्य अत्रे नगर, वडाळ्याला. मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचे आणखी एक स्टेशन निघाले, आचार्य अत्रे चौक, वरळीला. एक आभाळात, एक पाताळात. अत्र्यांना एक स्टेशन पुरले नसते हे कबूल, पण जालन्याहून आलेल्या माणसाने कोणत्या अत्र्यांकडे उतरायचे? मार्गाला दोष द्या, नावांना द्या, गाड्यांना द्या. पण त्या जिन्याखाली राहणाऱ्या वस्तीने काय पाप केले की ‘प्रतिसाद’ तिच्या नावावर लिहायचा?

बरे, ही एका रुळाची गाडीच मुळात बाद आहे म्हणावे, तर जर्मनीत वुपरटाल गावात ती १९०१ सालापासून लोंबकळत चालते आहे. मुंबईने आपली ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद केली. ३१ मार्च! आम्हा बँकवाल्यांचा जीव या तारखेला आधीच टांगणीला लागलेला असतो, त्यात ही भर. बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि नव्वद वर्षांचे खाते बंद झाले. घोड्यांची ट्राम १८७४ ची, विजेची १९०७ ची. ट्रामला जिना नव्हता. म्हातारा माणूस रस्त्यावरून सरळ पायरीवर पाय ठेवायचा. तिच्या शेवटच्या काळातही तिला जुनी, संथ, अडगळ अशीच विशेषणे लागली होती. आणि त्याच १९६४ साली सप्टेंबरात टोकियोने हानेदा विमानतळाला जाणारी मोनोरेल सुरू केली. ती गेली साठ वर्षे दर काही मिनिटांनी येते. तिथल्या लोकांचा प्रतिसाद म्हणे उत्तम आहे. असणारच. आमच्या मुंबईत ट्रामची मोनो होऊन परत यायला पन्नास वर्षांना दोन महिने कमी इतका काळ गेला, आणि आली ती खांबावर चढून, सात ते तीन.

आता माझ्या फिर्यादीतला मुख्य साक्षीदार. तारीख १९ ऑगस्ट २०२५. मुंबईत धो धो पाऊस. हार्बरच्या रुळांवर पाणी, लोकल बंद, रस्ते तुंबलेले. त्या संध्याकाळी ज्यांना घरी जायचे होते त्यांना डोक्यावरचा तो पांढरा हत्ती एकदम आठवला. कारण तो पाण्याच्या वर होता. लोक जिने चढून गेले आणि जी गाडी आली तिच्यात शिरले. त्या गाडीची ताकद १०४ टनांची. वजन भरले १०९ टन. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्या मध्ये वीज घेणाऱ्या पट्टीचा संपर्क तुटला आणि गाडी आभाळात थांबली. आत दिवे नाहीत, हवा नाही. माणसांनी काचा फोडल्या. अग्निशमन दलाने शिड्या लावून एकेकाला खाली उतरवले. त्यात तीन-साडेतीन तास गेले. उतरवलेले प्रवासी ५८२.

जिला प्रवासी नाहीत, ती गाडी प्रवासी जास्त झाले म्हणून बंद पडली!

या आकड्याशी मी बराच वेळ बसलो होतो. ५८२ माणसे एका गाडीत. ती काय त्या दिवशी मलेशियाहून आली होती? ती तिथेच होती. वडाळ्याला, चेंबूरला, त्या जिन्यांच्या आसपास, अकरा वर्षे. बसच्या रांगेत, रिक्षात चौथ्या सीटवर, लोकलच्या दारात. गाडी येणार आहे आणि घरापर्यंत नेणार आहे असा नुसता भास झाला, तर पाच टन जास्तीचा प्रतिसाद मिळाला. तोही सहन झाला नाही. दुसऱ्या दिवशी काय ऐकू आले? लोकांनी एवढी गर्दी करायला नको होती! रिकामी असली तर लोक येत नाहीत, भरली तर लोक ऐकत नाहीत. या लोकांना काही करून मोनोरेलला शोभेसे होता येत नाही.

पुढे महिनाभरात, १५ सप्टेंबरला, गाडी पुन्हा वाटेत अडकली. त्या वेळी सुटका करायला आत १७ माणसे होती. ५८२ मधून १७ गेले तर उरले किती, हे गणित मी मुद्दाम करत नाही. एवढे सांगतो की आगीतून, अंधारातून आणि शिडीवरून आल्यावर पुन्हा त्या जिन्याशी येणारी ती १७ माणसे मला देशातल्या सर्वांत निष्ठावान खातेदारांत मोडावीशी वाटतात. आमच्या बँकेत त्यांना दिवाळीला कॅलेंडर गेले असते. २० सप्टेंबर २०२५ पासून सेवा थांबवण्यात आली. नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवायची म्हणून. चांगले झाले. बसवाच. पण गाड्या नव्या आणल्या आणि वेळापत्रक जुनेच ठेवले, तर ते नव्या पासबुकात जुनी शिल्लक चढवण्यासारखे होईल.

मला सांगा, उड्डाणपुलाला कुणी कधी प्रतिसाद विचारला आहे का? रात्री तीन वाजता मुंबईतल्या एखाद्या उड्डाणपुलावर उभे राहा. दोन ट्रक आणि एक कुत्रे. कुणी पत्रकार तिथे जाऊन ‘कोट्यवधींचा पूल ओस’ असे लिहितो? पूल चोवीस तास उघडा असतो. तो दुपारी तीनला बंद होत नाही, दर पंचवीस मिनिटांनी एकदा उघडत नाही. मोटारवाल्याला पूल आधी मिळतो आणि मोटार तो सावकाश घेतो. मोनोच्या जिन्याखालच्या माणसाने मात्र आधी गर्दी करून दाखवायची, मग त्याला गाडी. ही परीक्षा एकालाच का?

माझी मागणी कारकुनी आहे. ज्या छापील तक्त्यात ‘प्रतिसाद’ हा रकाना असतो, त्याच्या डाव्या बाजूला आणखी एक रकाना छापा. ‘आपण काय दिले.’ पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, मधे किती, आणि वर्षात किती दिवस बंद. तो रकाना भरल्याशिवाय उजवीकडचा भरता येणार नाही, असा नियम करा. आमच्या विस्तार-कक्षाच्या कागदावर डावीकडे ‘मंगळवार, ११ ते १’ असे लिहावे लागले असते, तर सही करताना साहेबांचा हात निदान चहाच्या कपाकडे वळला असता. मोनोच्या कागदावर ‘सात ते तीन’ असे लिहावे लागले असते. मग खाली अत्यल्प लिहा नाही तर अत्यधिक लिहा, वाचणाऱ्याला कळते.

आणि हे सगळे मी आत्ता का उकरून काढतो आहे, तर रूळ आमच्याकडेही निघाले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जालना-जळगाव या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली: १७४ किलोमीटर, खर्च सात हजार कोटींच्या वर, वाटेत भोकरदन, सिल्लोड, अजिंठा. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची निवेदने देण्यात गेल्या आहेत. वडिलांनी दिलेल्या निवेदनाच्या कार्बन कॉपीवर मुलगा सही करतो, अशी परंपरा. मंजुरीची बातमी आली त्या दिवशी पारावर पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू. भोकरदनच्या स्टेशनाचे तोंड कोणीकडे असावे? उद्घाटनाला कुणाला बोलवावे? पाटीवर पिंपळगावचा उल्लेख बाणासकट असावा की बाणाशिवाय?

मी विचारले, “पण गाड्या किती असतील? आणि किती वाजता?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नाना म्हणाले, “तुझं काहीतरी आगाऊच असतं बघ. आधी स्टेशन तर होऊ दे. गाडी काय, येईनच की कव्हा तरी.”

“आन्‌ एक जरी आली,” दुसरे कुणी तरी म्हणाले, “तरी आपण समदे पाह्यला जाऊ.”

एवढ्यात मिरचीचा एक व्यापारी, जो इतका वेळ पोत्यावर बसून मोबाईलवर भाव बघत होता, त्याने मान वर केली. “साहेब, मिरची सांजच्याला भरू राहिलो आम्ही. सकाळी बाजारात पोचली तर हिरवी, नाही तर जनावरापुढं. रातची गाडी राहील का? आन्‌ रोज राहील का, का बाजाराच्याच दिशी?”

मी खिशातून पैसे काढायची एक कोरी स्लिप काढली आणि तिच्या मागच्या बाजूला त्याचे दोन्ही प्रश्न लिहून घेतले. नानांनी विचारले, “हे काय लिहू राहिला रे?”

“निवेदन,” मी म्हटले. “या वेळी सह्या करायच्या आधी वाचा.”